खळीखालची नावं

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार, जय भीम.

काकू, तुम्हाला वेगळा नमस्कार. या सभेत दुःख करायचा पहिला हक्क तुमचा. आम्ही सगळे तुमच्या मागून.

मंडळी, मी दिवसभर वर्गात बोलणारी बाई. माझा घसा कधी बसत नाही. आज मात्र आवाज चढेल. तो दुःखानं चढेल का रागानं, ते माझं मलाच कळेना. दोन्ही असेल. तुम्ही समजून घ्या. नाही घेतलंत तरी मी बोलणार आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. मी सुमन वाघमारे. दिगंबर पाठक सर ज्या शाळेत इतिहास शिकवायचे, त्याच शाळेत मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. सर गेल्या आठवड्यात गेले. त्यांचं टेबल अजून तसंच आहे, खडूची भुकटी पुसायलासुद्धा कुणाचा हात होत नाही.

मघाशी आयोजकांनी माझ्या हातात एक कागद दिला. आपण ज्या वाचनालयात बसलोय, त्याला कैलासवासी पाठक सरांचं नाव द्यायचं, असा ठराव आहे. संस्थेचे चेअरमनसाहेब ठराव मांडणार आणि मी अनुमोदन देणार, असं ठरलंय. मला न विचारता ठरलंय. ‘बाई, चार चांगले शब्द बोला आणि अनुमोदन देऊन टाका,’ असं सांगितलं मला. शब्द चारापेक्षा जास्त होतील. चांगले होतील याची हमी मी देत नाही. अनुमोदनाचं शेवटी बघू.

सर मूळचे तुळजापूरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा. भावांनी ती चालवली आणि सर इतिहासाचे मास्तर होऊन इकडं कळंबला आले. भाऊ म्हणायचे, ‘आम्ही देवीला नैवेद्य दाखवतो, आमचा दिगू मेलेल्या राजांना दाखवतो.’ सर हसायचे. सर तसे कशालाच चिडायचे नाहीत. शर्टाचं बटण तुटलेलं, दाढी वाढलेली, डबा तसाच परत नेलेला. घरी काकू बोलून बोलून थकल्या. पण पुस्तकाचं पान फाडून कुणी पुडी बांधलेली दिसली, की मग सरांचा राग बघावा.

सुरुवातच तिथून झाली. बहात्तरचा दुष्काळ इथल्या बहुतेकांना आठवत असेल. शाळेला इमारत होती, पोरं नव्हती. मी तेव्हा शाळेत शिकत होते, म्हणजे हजेरीपटावर माझं नाव होतं. मी होते दुष्काळी कामावर, आईच्या शेजारी खडी फोडत. घरोघरी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या त्या परदेशी लाल ज्वारीची भाकर, आणि तीही पोटभर नाही. त्या वर्षी लोकांनी काय काय विकलं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात पुस्तकंही गेली. तराजूत घालून गेली.

सर बाजारात मिरची घ्यायला गेले होते. बाईनं मिरचीची पुडी बांधली ती इतिहासाच्या पुस्तकाच्या पानात. सरांनी मिरची तिथंच ठेवली आणि उरलेलं पुस्तक घेऊन घरी आले. त्या दिवशी तुम्ही बिनमिरचीचं कालवण केलंत, होय ना काकू? पुस्तकाची मधली पानं गेली होती. पहिलं पान शाबूत होतं. त्यावर लिहिलं होतं, चौथीत पहिला नंबर आल्याबद्दल बक्षीस. खाली मुलाचं नाव आणि गाव, आपल्याकडचंच वाशी. पुढच्या रविवारी सर एसटीत बसून वाशीला गेले.

तिथून हे खूळ लागलं. खूळच म्हणायचे सगळे. रद्दीची दुकानं, आठवड्याचे बाजार, तुळजापूरच्या यात्रेतले जुन्या पुस्तकांचे ढीग, सर सगळीकडं. घ्यायचे फक्त इतिहास. शाळेचा असो, बखर असो, निजामाच्या वेळची उर्दूतली तारीख, म्हणजे इतिहासच, असो. सरांचं शिक्षण उर्दूतनं झालेलं, त्यांना चालायचं. पुस्तक हातात आलं की आधी पहिलं पान बघायचे. नाव आणि गाव सापडलं की रविवारची गाडी. माकणीकडं धरणाचं काम सुरू झालं तेव्हा सर तिकडंही धावले. माणसं उठून जायच्या आत घर गाठायचं होतं त्यांना.

दारात उभे राहून एकच विचारायचे. ‘हे पुस्तक तुमचं का?’

पैसे मागायचे नाहीत. पुस्तक परत द्यायचं, वर एवढंच विचारायचं की हे कोण वाचायचं, समासात ही खूण कुणी केली, आणि हे घरातून गेलं कसं. एवढ्यासाठी माणूस उन्हातान्हात हिंडायचा.

आणि उत्तर काय मिळायचं, मंडळी? ‘न्हाय.’

वाशीला तो बक्षीसवाला मुलगा आता बाप्या झाला होता. दावणीपाशी उभा होता. म्हणाला, ‘न्हाय बा. आमच्यात कोन शिकलंय?’ सरांनी पान पुढं केलं. ‘त्या नावाची हितं लई मानसं हायती,’ म्हणाला. तेवढ्यात आतून त्याची म्हातारी ओरडली, ‘आरं, तुजंच की ते, बक्षिसाचं!’ तर हा तिच्यावरच खेकसला, ‘गप बस गं आये!’ सरांना कळेना. मागनं कळलं. त्याचं नाव दुष्काळी कामाच्या मस्टरवर होतं. त्याला वाटलं, घरात कुणाच्या काय काय आहे ते बघायला सरकारनं मास्तर पाठवलाय. पुस्तक सापडलं की मस्टरवरचं नाव जाणार. पहिला नंबर आलेला माणूस, आणि पोटासाठी अडाणी व्हावं लागलं त्याला. त्याच्यावर माझा राग नाही.

कुणाला वाटायचं सोसायटीची वसुली आली. कुणाला वाटायचं रझाकारीच्या वेळचं जुनं काहीतरी उकरून काढतायत. पण सगळ्यांत जास्त आडवी आली ती लाज. ‘आमी काय घरातली पुस्तकं इकनारी मानसं हाव का, गुर्जी?’ भांडी विकली हे लोक सांगतात. बैल विकला हे रडून सांगतात. पुस्तक विकलं हे कुणी कबूल करत नाही. सर पुस्तक परत पिशवीत घालायचे आणि शेवटच्या गाडीनं यायचे. घरातलं कपाट भरत गेलं. मग दुसरं कपाट आलं. काकू, तुमच्या माहेरची लुगडी ठेवायची ट्रंकही गेली त्यात.

‘हो’ म्हणणारी दारं फार थोडी. त्यातलं एक परंड्याचं. तिथं एक म्हातारी होती. तिचा नवरा निजामाच्या काळात शाळेत शिकवायचा. सर उंबऱ्याबाहेर थांबले आणि पुस्तक आत दिलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘हौ बाबा, उनोंकेच दस्तखत हैं ये. लकीर ऐसीच तिरपी निकालते थे.’ ते पान तिनं डोळ्यांना लावलं. सरांनी मला हे किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी ते बोट कसं फिरलं ते टेबलावर फिरवून दाखवायचे.

दुसरं ‘हो’ आमच्या घरातलं.

माझे वडील, आबा, मागं दाराजवळ बसलेत. पुढं या म्हटलं तरी आले नाहीत. शेतमजुरी करता करता आबा रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले. तुळजापूरच्या यात्रेतनं त्यांनी एक इतिहासाचं जुनं पुस्तक घेतलं. पहिल्या पानावर आधीच कुणाचं तरी नाव होतं, बोरूनं लिहिलेलं, वळणदार. त्याच्या खाली आबांनी आपलं नाव लिहिलं. किसन रामा वाघमारे. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकावर लिहिलेलं स्वतःचं नाव. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर गेले. पुस्तकाचं काय करायचं असं कुणीतरी विचारलं, तर आबा म्हणाले, ‘देव गेलं तर जाऊ द्या. ह्ये ऱ्हाऊ द्या.’ संध्याकाळी वस्तीतली माणसं जमायची आणि आबा मोठ्यानं वाचायचे. बहात्तरला ते पुस्तक विकलं.

पुढं काही वर्षांनी सर आमच्या दारात आले. नेहमीचा प्रश्न विचारला. आबांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, वास घेतला. म्हणाले, ‘व्हय गुर्जी. माजंच हाय. बहात्तरला म्याच इकलं.’

सर तिथंच ओट्यावर बसले. इतकं सरळ उत्तर त्यांना सवयीचं नव्हतं. पुस्तक ठेवून घ्या म्हणाले, तर आबा म्हणाले, ‘छप्पर गळतंय आमचं. तुमच्या कपाटातच ऱ्हाऊ द्या. म्या येत जाईन वाचाया.’ आणि खरंच जायला लागले. बाजारच्या दिवशी आबा सरांच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि सर ऐकायचे. इतिहासाचा मास्तर ऐकायचा! काकू पाणी द्यायच्या. आधी वरून द्यायच्या, पुढं हातात द्यायला लागल्या. रागावू नका काकू, हे तुम्हीच मला सांगितलंय, आणि सांगताना तुम्ही रडला होतात.

आता वरच्या नावाकडं येते.

सर खालच्या नावावर थांबणारे नव्हते. वरचं नाव कुणाचं, याचा त्यांनी माग काढला. तो माग जाऊन पोचला आपल्या चेअरमनसाहेबांच्या घरात. त्यांचे थोरले चुलते. ऐन तरुणपणी गेले, फार वाचायचे असं म्हणतात. सर आनंदानं गेले. एका पानावर दोन घरं सापडली, यापेक्षा सरांना आणखी काय पाहिजे होतं? चेअरमनसाहेबांनी वरचं नाव वाचलं. सर म्हणायचे, क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी खालचं नाव वाचलं. पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘सर, आमच्या घरातलं पुस्तक त्यांच्या घरात जाईलच कसं? हे आमचं नव्हे.’

चेअरमनसाहेब, तुम्ही मान हलवताय. हलवा. सर खोटं बोलत नव्हते हे तुम्हालाही ठाऊक आहे.

त्यानंतर हे वाचनालय झालं. संस्थेची नवी इमारत, नवी काचेची कपाटं, वर पंखे. पुस्तकं मात्र थोडी. वाचनालयाला सरकारकडून वरचा वर्ग मिळाला तर अनुदान वाढणार होतं आणि त्यासाठी कपाटं भरलेली दिसायला पाहिजे होती. तपासणीला साहेब येणार होता. आता आपल्याकडं तपासणी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हशीच्या कर्जाची तपासणी आली की एकच म्हैस चार दारांत बांधलेली असते. चारा छावणीला साहेब आला की शेजारच्या गावची जनावरं दावणीला दिसतात. साहेब मोजतो, जेवतो, जातो. जनावरं संध्याकाळी आपापल्या गोठ्यात.

तशी सरांची पुस्तकं मागितली. आठवडाभरासाठी. उसनी.

काकूंनी सांगितलं होतं, ‘देऊ नका. म्हैस दावं तोडून तरी घरी येते. पुस्तकं कशी येतील?’ सरांनी ऐकलं नाही. ‘तेवढे दिवस कपाटात दिसली तर चार माणसं हात लावतील, वाचतील,’ म्हणाले. सर हुशार होते, पण शहाणे नव्हते, मंडळी. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलते. ज्यांनी त्यांना दारातून ‘हे आमचं नव्हे’ म्हणून परत पाठवलं, त्यांच्याच दारात हा माणूस हातगाडीवर पुस्तकं घालून स्वतः ढकलत घेऊन आला.

पुस्तकं आली. कणकेची खळ शिजली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर संस्थेचा, पुस्तक परतीच्या तारखांचा कागद चिकटवला. पुस्तकाला शेवटचं पान असतं की नाही? ते कोरं असतं की नाही? मग पहिल्याच पानावर का? मी कारकुनाला विचारलं होतं. ‘तसं सांगितलंय बाई,’ म्हणाला. वाशीच्या पोराचा पहिला नंबर खळीखाली गेला. माझ्या बापाचं नाव खळीखाली गेलं. वरचंही गेलं. साहेबानं मोजलं, जेवला, गेला. वर्ग वाढला, पेढे वाटले. शाळेतही आले होते. मी खाल्ला नाही.

सर हातगाडी घेऊन पुस्तकं न्यायला आले, तर उत्तर मिळालं, ‘सर, आता ती दप्तरी दाखल झाली. काढता येत नाहीत. ऑडिट लागेल.’ रिकामी हातगाडी घेऊन सर परत गेले. मुख्य रस्त्यानं गेले, सगळ्या दुकानदारांनी बघितलं.

पुढं काय केलं असेल त्यांनी? भांडण? अर्ज? छे. सर या वाचनालयाचे सभासद झाले. एकेक पुस्तक घरी न्यायचे. स्वतःचं पुस्तक, सही करून! ओल्या फडक्यानं तो कागद हळूहळू सैल करायचे, घाई न करता, शाई पसरणार नाही असं बघत. नाव मोकळं झालं की पान सावलीत सुकवायचे. संस्थेचा कागद शेवटच्या पानाला नीट डकवायचे आणि मुदतीत पुस्तक परत. या वाचनालयात नेमानं येणारा वाचक एकच होता, आणि तो स्वतःचीच पुस्तकं घरी नेत होता. हसू येतंय ना? मलाही यायचं. सरांना नाही आलं.

कुणाच्या तरी लक्षात आलं. कमिटीची बैठक झाली. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल पाठक सरांचं सभासदत्व रद्द. कुणी एकानंही ‘नको’ म्हटलं नाही, आणि ती सगळी कमिटी आज इथं व्यासपीठावर हार घेऊन बसली आहे. त्याआधी आबाही एकदा बाजारच्या दिवशी इथं आले होते, पुस्तक वाचायला. त्यांना पायरीवरच सांगितलं, ‘सभासदांसाठी आहे.’ आबा मला एवढंच म्हणाले, ‘सुमे, आता न्हाय जायाचं तकडं.’

सर नंतर शाळेत यायचे, शिकवायचे. पण रविवारची गाडी बंद झाली. रद्दीच्या दुकानावरून जाताना मान वळवून बघायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, ‘सर, कोर्टात जाऊ.’ म्हणाले, ‘बाई, पुस्तकं कुणाची हे कोर्टाला मी काय सांगू? ज्यांची आहेत ते नाही म्हणतात.’ छातीचं दुखणं डॉक्टरनं सांगितलं ते तुम्ही ऐकलंय. मी रोज शेजारी बसत होते. माणूस आतून कसा विझत गेला ते मी बघितलंय.

म्हणून चेअरमनसाहेब, मी या ठरावाला अनुमोदन देत नाही. कागद हा घ्या परत. सरांचं नाव भिंतीवर लावायच्या आधी, ज्यांची नावं झाकलीत ती उघडी करा. तुमच्या मागच्या त्या कपाटांच्या किल्ल्या आज काकूंच्या हातात द्या. पुस्तकं सरांच्या ओसरीवर जाऊ देत. ज्यांची आहेत त्यांनी येऊन न्यावीत. ज्यांना न्यायची नाहीत त्यांनी बसून वाचावीत. मग नाव द्यायचं का नाही ते बघू. तोवर सरांचं नाव या दारावर लागलं, तर तो दुसरा कागद झाला खळीचा.

आता शेवटचं. मग मी बसते.

सभासदत्व रद्द झालं तेव्हा एक पुस्तक सरांच्या घरी राहिलं होतं. ते त्यांनी परत केलं नाही. आयुष्यात एवढा एकच नियम मोडला. आज सकाळी काकूंनी ते माझ्या हातात दिलं. हे बघा. आबांचंच पुस्तक. सरांनी कागद सोडवायला घेतला होता, पण तो निम्माच सुटलाय. हात थकला असेल. खालचं नाव दिसतंय. किसन रामा वाघमारे. वरचं नाव अजून खळीखाली आहे.

ते मी सोडवणार नाही. मला येतं, सरांनी शिकवलंय, पण मी सोडवणार नाही. हे पुस्तक मी इथं, टेबलावर, चेअरमनसाहेबांच्या समोर ठेवते. शेजारी पाण्याचा तांब्या आहे. खांद्यावर तुमच्या उपरणं आहे.

खालच्या नावाचा माणूस मागं दाराजवळ बसलाय. त्याचं उत्तर सरांना केव्हाच मिळालंय.

मंडळी, शोकसभेत शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे. तीही आपण पाळू. त्याआधी सर दारोदारी जे विचारत हिंडले, ते मी त्यांच्या वतीनं एकदा विचारते.

हे पुस्तक तुमचं का?

ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं द्यावं. बाकीच्यांनी उभं राहून शांतता पाळावी.